दहा सेकंदांत सोळा हात

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबच्या दारावर सरांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला होता: 'संतरा खाकर माउस को हाथ न लगाएँ.' बाहेरगावचा पाहुणा आला की तो वाचून हसायचा. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. सौंसरमध्ये दिवाळी झाली की ज्याच्या त्याच्या बॅगेत संत्री. एखाद्या दिवशी डबा विसरेल, पण संत्री विसरणार नाहीत. सालीचं तेल बोटांना लागतं, बोटांचं माऊसच्या बटणावरच्या रबराला, आणि दहा-पंधरा दिवसांत ते रबर गुळासारखं चिकट होऊन बसतं. बोट खाली जातं ते वर यायला तयार नसतं. साधं टायपिंग-बियपिंग करणाऱ्याला काही फरक पडत नाही. पण ज्याला दहा सेकंदांत ऐंशी वेळा क्लिक करायचं आहे, त्याचं त्या माऊसवर जमणं कठीण.

मला करायचं होतं.

छिंदवाड्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरचा मेळावा होता. त्यात इतर स्पर्धांबरोबर गेमचीही स्पर्धा ठेवली होती. चौघांची एक टीम. गेम ठोकळ्यांच्या दुनियेतला होता. ठोकळे खणायचे, पूल बांधायचा, समोरच्याच्या मुलखात जायचं आणि तलवारीनं लढायचं. एक क्लिक म्हणजे तलवारीचा एक वार. ज्याचे क्लिक जास्त, त्याचे वार जास्त. आमच्या टीममधले तिघं ठरले होते, कारण ते आधीपासून खेळत आलेले होते. चौथी जागा रिकामी होती आणि सरांनी सांगून टाकलं होतं, "चौथा खिलाड़ी वही, जो दस सेकंद में अस्सी क्लिक मारेगा. बाकी खेळ मी शिकवतो."

सर असंच बोलायचे, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. आमच्याकडे, या सीमेवरच्या गावांत, सगळेच तसे बोलतात.

ती जागा मला पाहिजे होती. का पाहिजे होती, ते सरळच सांगते. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, आई त्याहून कमी. बीएस्सी कॉम्प्युटरला प्रवेश घेतला तेव्हा मी अठराची होते आणि माऊसला तेव्हा पहिल्यांदा हात लावला. पहिल्या दिवशी तो टेबलाच्या कडेपर्यंत सरकवत नेला आणि आता पुढं जागाच नाही म्हणून थांबले. माऊस उचलून परत मागं ठेवायचा असतो, हे सांगितलं शेजारच्या मुलानं. हा मुलगा पांढुर्ण्याचा, रोज बसनं ये-जा करायचा. त्याच्या घरी सहावीपासून कॉम्प्युटर होता. ती गोष्ट त्यानं वर्गभर सांगितली, नंतरची दोन वर्षं अधूनमधून सांगतच राहिला. मनानं वाईट नव्हता. पण दोन वर्षांत वर्गाला माझी ओळख एवढीच झाली होती की हिचं अक्षर सुंदर आहे आणि हिची जर्नलं उतरवायला मिळतात. उशिरा शिकलेला हातही बरोबरीनं चालतो, हे मला दाखवायचं होतं. सगळ्यात जास्त मलाच दाखवायचं होतं.

इंटरनेटवर क्लिक मोजायच्या साइट असतात. स्क्रीनवर एक मोठा चौकोन येतो. त्यावर पहिला क्लिक पडला की दहा सेकंदं सुरू. वेळ संपली की आकडा दिसतो. मी पहिल्यांदा बसले तेव्हा आकडा आला एकसष्ट.

पांढुर्ण्याचा मुलगा मागं उभा होता. तो टीममध्ये आधीच होता. म्हणाला, "एकसष्ट तं आमची मावशी करते. चपाती लाटता लाटता."

"मंग मावशीलेच ने छिंदवाड्याले," मी म्हटलं.

तो हसला आणि शेजारी बसला. त्यानंच मला पहिली रीत दाखवली. कोपर टेबलावर टेकवायचं, पंजापासून दंडापर्यंत हात ताठ करायचा आणि हाताला थरथर सुटू द्यायची. बोट आपोआप वाजत राहतं. त्याचा हात असा थरथरायचा की टेबलावरची पेनं घरंगळत जायची. त्याचा आकडा ब्याण्णव. मी चार दिवस तसं केलं. आकडा सहासष्टवर गेला आणि कोपरापासून मनगटापर्यंत अशी कळ लागली की जेवताना घास डाव्या हातानं घ्यावा लागला.

आईनं जवसाचं तेल कोमट केलं आणि माझा हात मांडीवर घेऊन चोळायला बसली.

"कॉलेजात काय दगडं फोडाले लावून राहिले का वं?"

"माऊस दाबला, आई."

"एवढासा तं आहे तो. त्यानं एवढं?"

"फास्ट दाबला."

"मंग हळू दाब ना," आई म्हणाली. तिच्या दृष्टीनं विषय संपला.

मी सरांना म्हटलं, घरी कॉम्प्युटर नाही, सरावासाठी काही मिळेल का? सरांनी कपाटातला एक खोका पुढं सरकवला. त्यात बंद पडलेले कीबोर्ड, वायरी आणि एक जुना काळा माऊस होता. मेलेलाच होता तो, त्याची वायर उंदरानं कुरतडलेली. पण त्याचं बटण वाजत होतं. सर म्हणाले, "ले जा. स्क्रीन नहीं तो क्या हुआ, उंगली तो है."

आमचं घर बोरगावला. बाबा संत्र्याच्या हंगामात मोजणीदार असतात, हे आता सांगायलाच पाहिजे. इतर महिन्यांत दुसऱ्यांच्या शेतात कामाला जातात, पण कार्तिकापासून पुढं त्यांना या बागेतून त्या बागेत बोलावणं असतं. आता बरेच सौदे क्रेटवर नाहीतर वजनावर होतात. पण आमच्याकडच्या काही जुन्या बागवाल्यांना अजूनही फळ मोजूनच द्यायचं असतं. बागवाला एकीकडे, व्यापारी दुसरीकडे, आणि मधे ढिगाजवळ उकिडवे बसलेले बाबा. उजव्या हातात तीन फळं, डाव्या हातात दोन. दोन्ही हात एकदम उचलून पलीकडं सोडायचे. या पाच फळांना बाबा एक हात म्हणतात. प्रत्येक हाताला ते गळ्यातल्या गळ्यात आकडा गातात. एकाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. "लाभाऽ, दोनाऽ, तिनाऽ, चाराऽ..." वीस हात झाले की शंभर भरलं. मग एक फळ खुणेसाठी गुडघ्याजवळ ठेवायचं. आणि त्याच दमात पाच फळं न मोजता वर टाकायची. ते वरचे. एखादं डागी निघालं, एखादं दबलं, तर घेणाऱ्याची तक्रार नको म्हणून. वरच्यांना आकडा नसतो. पण ते टाकल्याशिवाय शंभर पुरं झालं असं बाबा मानत नाहीत.

दिवसभरात हजारो फळं त्यांच्या हाताखालून जातात आणि मधेच कोणी बोलवलं तर बोलतातही, आकडा मात्र सुटत नाही. दुसरा मोजणीदार बाजूच्या ढिगावर बसला असला तर त्याच्या फळांच्या आवाजावरून ते सांगतात, "तुह्या मागच्या हातात चारच होते." तो परत पाहतो तर खरंच चार.

तर एका संध्याकाळी मी ओसरीवर स्टुलावर तो मेलेला माऊस ठेवून टिकटिक करत बसले होते. बाबा पाय धुऊन आले. थोडा वेळ ऐकत उभे राहिले.

"काय करून राहिली?"

"क्लिक वाढवून राहिली."

"किती झाले?"

"काय मालूम. स्क्रीन नाही ना. अन् एवढ्या जोरात मोजताच येत नाही."

"मोजता येत नाही अन् वाढवून राहिली म्हणते," बाबा म्हणाले. "मंग वाढले का घटले, तुले सांगते कोण?"

मी त्यांना सगळं सांगितलं. दहा सेकंद, ऐंशी क्लिक, चौथी जागा, छिंदवाडा. गेम आहे हेही सांगितलं. लपवलं असतं तरी चाललं असतं, कॉम्प्युटरचं काम आहे म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. पण आमच्या घरात अशी सवय नाही.

"म्हणजे खेळच आहे," बाबा म्हणाले.

"खेळच आहे."

"अभ्यास?"

"अभ्यास होऊन राहिला. मागच्या सेमिस्टरले पाहिलं ना तुम्ही."

ते स्टुलाजवळ बसले. माऊस उचलून पाहिला, बटण एकदा दाबलं, कानाशी धरून पुन्हा दाबलं. मग म्हणाले, "ऐंशी म्हणजे सोळा हात. एक एक कायले मोजते? हातानं मोज."

त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. पाच क्लिकचा एक हात. पहिल्या क्लिकवर किंचित भार द्यायचा आणि मनात म्हणायचं लाभा. पुढचे चार त्याच्यामागं ओघानं. मग दोना. दहा सेकंदांत सोळा म्हटलं गेलं पाहिजे. वेळ पाहायचं काम आईकडे. ती चुलीजवळून मोबाइलचं घड्याळ लावायची आणि दहा झाले की "बस" म्हणायची. एकदा तिचा पिठाचा अंगठा स्क्रीनवर उमटेचना, घड्याळ सुरूच झालं नाही, आणि मी दम लागेपर्यंत बडवत राहिले. बाबा म्हणाले, "एकतीस हात झाले. तुह्या मायच्या घड्याळानं तू कधीच जिंकली."

पहिल्या दिवशी बारा हात आले. म्हणजे लॅबमधले तेच एकसष्टच्या आसपास. बाबांचा कान खोटा नाही, हे मला तिथंच कळलं.

मग ते चुका काढायला लागले. त्यांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, पण एकेक गोष्ट नेमकी सांगायचे. "फळ दाबते तू. दाबू नको, डाग पडते." म्हणजे बटण पार तळापर्यंत हाणू नको. मी हळूहळू पाहिलं, तर खरंच, आवाज येतो तो बटण थोडंसंच खाली गेल्यावर. त्याच्या पुढचा सगळा जोर फुकट. आणि बोट बटणावरून उचलायचंही नाही. टेकलेलं ठेवायचं. बटण स्वतः वर येतं आणि बोटाला सोबत आणतं. तेवढा वेळ वाचतो. पांढुर्ण्याच्या मुलाची ताठ हाताची रीत मी सोडून दिली. मनगट सैल, खांदा खाली, बोट थोडं वाकलेलं. कोपराची कळ आठ दिवसांत गेली. हळू दाब, हे आईनं तेल चोळताना सांगितलंच होतं. मी ऐकलं नव्हतं.

चौदा हातांवर येऊन गाडी अडली. पाच-सहा दिवस चौदाच. मला वैताग आला. बाबांनी डोळे मिटून चार वेळा ऐकलं आणि म्हणाले, "पहिले सहा हात तू पळते. मंग फरफटत येते. तुले ढीग दिसून राहिला, संपवायची घाई होऊन राहिली. ढिगाकडं पाहू नको. हातातल्या पाचाकडं पाह्य."

"मग पहिले सहा हळू करू?"

"हळू नाही. सोळावा जसा येते, तसा पहिला कर."

हे ऐकायला सोपं होतं, करायला पंधरा दिवस लागले. पहिल्या हातात पळायचा मोह आवरतच नाही. बाबा स्वतः गाऊन दाखवायचे. बागेत गातात त्याच चालीत, पण कितीतरी जलद. लाभादोनातिनाचारा. त्यांचा आवाज ओसरीत एका पातळीवर फिरायचा, कुठं चढ नाही, कुठं उतार नाही. त्यात बोट घालून द्यायचं फक्त. शेजारची बाई कुंपणाशी येऊन विचारून गेली, "रातच्याला घरीबी संत्रे मोजता का हो भाऊ?"

पंधरा हात झाले. मग एका रविवारी सोळा. सोळाव्याला बाबा सवयीनं म्हणाले, "अन् वरचे," आणि मीही त्याच दमात पाच टाकले. आई म्हणाली, "बस." आम्ही तिघंही हसलो. नंतर ते नेहमीचंच झालं. सोळा आणि वरचे पाच. वरचे टाकल्याशिवाय माझंही बोट थांबेनासं झालं. यात काही चुकतंय असं आमच्या कोणाच्याच मनात आलं नाही.

निवड शनिवारी होती. शनिवारी जामसांवलीच्या देवळाला जाणाऱ्यांच्या गर्दीमुळे बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही, म्हणून बाबा मला घ्यायला गाडीवर कॉलेजात आले होते. सौंसरच्या बाजूलाच एका बागेत मोजणी होती, ती आटोपून तसेच आले. पायजम्याला माती, गळ्यात दुपट्टा. लॅबच्या दारात उभे राहिले. सरांनी आत बोलावलं तर म्हणाले, "हात संत्र्याचे आहेत, बाहेरच बरा." दारावरचा कागद त्यांनी वाचला होता.

आम्ही अकराजणं होतो. प्रत्येकाला एकच संधी, कारण दुपारी प्रॅक्टिकल होतं आणि लॅब रिकामी करायची होती. मी सात नंबरच्या मशीनवर बसले. त्याचा माऊस चिकटत नव्हता. ते मशीन सरांच्या टेबलासमोर असल्यानं तिथं बसून संत्री सोलायची कोणाची हिंमत नसायची. आधीच्या सगळ्यांचे आकडे सत्तरच्या आतबाहेर, एकाचा सत्याहत्तर. सर मशीनमागं हातात मोबाइल घेऊन वेळ पाहत होते.

मी बोट ठेवलं. लाभा.

सांगण्यासारखं फार नाही. हात चालला. ओसरीत चालायचा तसाच चालला. कानात बाबांची चाल होती आणि मी स्क्रीनकडं पाहिलंच नाही, माऊसच्या बटणाकडं पाहत होते. चौदा, पंधरा, सोळा. आणि वरचे. वरचे टाकत असतानाच सर म्हणाले, "बस." पण वरचे पुरे व्हायचे होते. बोटानं ते पुरे केले.

मान वर केली तर स्क्रीनवर चौकोन होता आणि खाली आकडा. दोन.

काय झालं, ते कळायला मला क्षणभर लागलं. वेळ संपली की निकालाचं पान येतं आणि आधी जिथं चौकोन होता, बरोबर तिथंच 'पुन्हा खेळा'चं बटण येतं. माझे शेवटचे क्लिक त्या बटणावर पडले होते. निकाल पुसला गेला, नवी मोजणी सुरू झाली आणि उरलेले दोन क्लिक तिच्यात गेले. खरा आकडा कोणीच पाहिला नव्हता. सर मोबाइल पाहत होते.

"कितना आया?" सरांनी विचारलं.

"गेला, सर," मी म्हटलं. "माझ्याच हातानं गेला."

पांढुर्ण्याचा मुलगा वाकून स्क्रीन पाहत होता. तो हसला नाही, एवढं खरं. म्हणाला, "बस म्हटल्यावरबी कायले मारत राह्यली?"

मी काय सांगणार होते? शंभरावर पाच टाकल्याशिवाय शंभर होत नाही म्हणून? मी उठले. दीड महिन्याचं काम, आईचं तेल, बाबांच्या संध्याकाळी. आणि चूक दुसऱ्या कोणाची नव्हती. माऊस चांगला होता, मशीन चांगलं होतं.

तेवढ्यात दारातून बाबा म्हणाले, "सर, सोळा हात पुरे झाले होते. तुम्ही बस म्हटलं, त्याच्या पहिलेच."

सरांना काही कळलं नाही. मी खाली मान घालून सांगितलं, एक हात म्हणजे पाच, सोळा हात म्हणजे ऐंशी, माझे वडील मोजणीदार आहेत, आवाजावरून मोजतात.

सर बाबांकडं वळले. आवाज चढवला नाही त्यांनी. "भाऊ, तुमचं खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण मला स्क्रीनवर दिसायला पाहिजे. दहा पोरं बघताहेत. कान के भरोसे कैसे लिखूँ?"

"लिहू नका," बाबा म्हणाले. "तिले आणखी एकदा बसवा. मी तिकडं तोंड करून उभा राह्यतो. झालं का, किती ते मी पहिले सांगतो, मंग तुम्ही मशीनले विचारा. दोघांचं एक निघालं तं मागचंबी खरं माना. नाही निघालं तं मी तिले घरी घेऊन जातो, अन् तुमच्यावर आमचा राग नाही."

रांगेतल्या एकानं "सर, एकच चान्स होता ना" असं म्हटलं. बरोबरच होतं त्याचं. सरांनी घड्याळ पाहिलं. मग पांढुर्ण्याचा मुलगा म्हणाला, "सर, आधी मी मारतो. काकांना माझे मोजू द्या. पाहू तं खरं."

तो बसला. ताठ हात, थरथर, टेबल हलायला लागलं. दहा सेकंदं झाली. स्क्रीनवर त्र्याण्णव. सगळ्यांनी बाबांकडं पाहिलं.

बाबांनी मान हलवली. "याचे नाही मोजता आले."

कोणीतरी मागं हसलं.

"लय आहेत," बाबा म्हणाले. "हिच्यापेक्षा जास्त आहेत. पण हा मोजून नाही टाकत, पोतं ओतते. ओतलेल्याले मी काय मोजू?"

आता सरही हसले. पांढुर्ण्याचा मुलगासुद्धा. का कोण जाणे, पण मला वाटतं बाबांनी 'नाही आलं' म्हटलं म्हणूनच सरांनी मला पुन्हा बसवलं. त्यांनी अंदाजानं एखादा आकडा ठोकला असता तर गोष्ट तिथंच संपली असती.

मी पुन्हा सात नंबरवर बसले. हात दमलेला होता. बाबा व्हरांड्याच्या भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागं. माती लागलेली बोटं मला दिसत होती. मी खांदा खाली सोडला.

लाभा. दोना. या वेळी पळायचा मोह नव्हताच, पळायला ताकदच नव्हती. पहिला हात सोळाव्यासारखा आला. बाबांची पाठीमागची बोटं प्रत्येक हाताला किंचित हलत होती, पण ते मला नंतर पांढुर्ण्याच्या मुलानं सांगितलं. तेव्हा माझी नजर बटणावर होती. तेरा. चौदा. पंधराला मनगट जड झालं. सोळा.

"बस," सर म्हणाले.

मी हात उचलला. माऊसपासून वर, हवेत. बोट वरच्यांसाठी आपलं आपलं हलत होतं, मी ते डाव्या हातानं धरून ठेवलं.

सर स्क्रीनकडं वळणार तेवढ्यात बाबा भिंतीकडंच तोंड ठेवून म्हणाले, "सोळा पुरे. वर एक."

सरांनी वाकून पाहिलं. मग बाजूला सरकले, सगळ्यांना दिसावं म्हणून. एक्याऐंशी.

पांढुर्ण्याच्या मुलानं माझ्या खुर्चीच्या पाठीवर थाप मारली. "मावशी घरीच राह्यली आता," तो म्हणाला.

सरांनी यादीत माझं नाव लिहिलं. चौथं. मग बाहेर जाऊन बाबांचा हात हातात घेतला, संत्र्याच्या तेलाचा होता तसाच. नंतर सरांनी त्याच हातानं दुपारभर माऊस चालवला.

घरी येताना रेल्वे फाटकाशी गाडी थांबली तेव्हा बाबा म्हणाले, "वरचे नाही टाकले आज."

"तिथं वरचे टाकले तं सगळंच जाते, बाबा."

"हं," ते म्हणाले. त्यांना ते फारसं पटलं नसावं.

छिंदवाड्याला आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो. तिथल्या एका टीमचा पूल बांधायचा वेग असा होता की आमच्या तलवारी त्यांच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. वाईट वाटलं नाही. पहिल्या फेरीत मी दोघांना पाडलं होतं, त्यातला एक छिंदवाड्याचाच होता आणि त्यानं खेळ झाल्यावर येऊन विचारलं, घरी कोणता माऊस वापरता? मी म्हटलं, काळा. वायर उंदरानं खाल्लेली.

पुढं मी पदवी घेतली. आता पांढुर्णा आमचा जिल्हा झाला आहे आणि मी तिथंच एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. मुलं मागं लागली की दहा सेकंदं करून दाखवते. पंधरा हात होतात, कधी सोळा. दारावर संत्र्याचा कागद मीही लावला आहे. मराठीतून.

पण त्या दिवसाचं एक राहिलं. छिंदवाड्याला निघालो त्या सकाळी बाबा बसस्टँडवर एक पिशवी घेऊन आले होते. चौघांना आणि सरांना वाटेत खायला. घाट चढताना आम्ही ती उघडली. पांढुर्ण्याच्या मुलानं मांडीवर ओतून मोजली. तोवर तोही शिकला होता, पाच-पाचनं मोजत होता. सगळी तीस निघाली. आम्ही पाचजण. प्रत्येकाला पाच दिली तरी पाच उरली.

"ये पाँच किसके?" सरांनी विचारलं.

मी म्हटलं, "ते मोजायचे नसतात, सर. ते वरचे."

सरांनी मान डोलावली आणि वरचं एक सोलायला घेतलं. स्पर्धेच्या दारात मात्र त्यांनी आम्हा चौघांना रांगेत उभं केलं, बाटलीतलं पाणी हातावर ओतलं, आणि साबणाची वडी खिशातून काढली. घरूनच आणली होती त्यांनी.